भरल्या थैलीची उपासमार

गाईची डावी कूस फुगून ताठ झालेली दिसली की शेतकऱ्याच्या घरात एकच धावपळ उडते. कोणी गोडेतेल आणावयास आत पळतो, कोणी दवाखान्याची वाट धरतो, आणि शेजारचा एखादा जाणता वृद्ध न बोलावताच गोठ्यात येऊन उभा राहतो. त्याच घराच्या परसात, कदाचित त्याच दिवशी, एखादी कोंबडी गळ्याखालची थैली तुंबल्यामुळे पिसे फुगवून, मान पुन्हा पुन्हा लांबवीत कोपऱ्यात उभी असते. तिच्या पुढ्यात ज्वारीचे दाणे पसरलेले असतात, थैलीही भरलेली असते, आणि तरीसुद्धा शरीराला अन्नाचा कण पोहोचत नसल्यामुळे ती काही दिवसांत उपासमारीने मरून जाते. तिच्या मृत्यूचे कारण विचारले तर ‘मर लागली’ एवढेच उत्तर मिळते. कोंबड्यांच्या बहुतेक व्याधींचे निश्चित निदान करावयाचे तर प्रयोगशाळेचा आश्रय घ्यावा लागतो. ही व्याधी मात्र अशी आहे की तिची पहिली चाहूल मनुष्याच्या बोटांना लागते, त्यासाठी एक पैचाही खर्च येत नाही, आणि नेमकी तीच ओळखावयास आपण कोंबड्या पाळणाऱ्यांना शिकविलेले नाही, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते.

पक्ष्याला दात नसतात. म्हणून चर्वणाचे काम निसर्गाने त्याच्या उदरात नेऊन ठेवले, आणि टिपलेले अन्न तेथे पोहोचेपर्यंत साठून राहावे यासाठी अन्ननलिकेलाच मानेच्या पायथ्याशी, छातीच्या किंचित उजव्या अंगास, एक पिशवी दिली. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तिला अन्नपुट म्हणतात. दाणा प्रथम या थैलीत उतरतो, पाण्याने व लाळेने भिजून मऊ होतो, तेथून थोडाथोडा खाली सरकत जठरात जातो, जठरातील अम्ल व पाचकरस त्यात मिसळतात, आणि मग पेषणी नावाच्या जाड स्नायूंच्या अवयवात, कोंबडीने गिळलेल्या बारीक खड्यांच्या साह्याने, तो दळला जातो. थैलीत उपकारक जीवाणूंची वस्ती असते, व त्यांनी निर्माण केलेल्या सौम्य अम्लामुळे अपायकारक जंतूंना तेथे सहसा थारा मिळत नाही. (कबुतरांच्या कुळात तर हीच थैली पिलांसाठी दुधासारखा पौष्टिक स्राव निर्माण करते आणि नर व मादी दोघेही तो पिलांना भरवितात, सृष्टीच्या योजकतेचा याहून सुंदर दाखला क्वचितच सापडेल.) कोंबडा घरी आणून साफ करणाऱ्या गृहिणीला ही थैली पूर्णपणे परिचित असते, कारण ती चिरली की त्या पक्ष्याने दिवसभरात काय काय टिपले याचा संपूर्ण जमाखर्च तिच्यासमोर उघडा पडतो, परंतु मेलेल्या पक्ष्याच्या थैलीविषयी असलेले हे ज्ञान जिवंत पक्ष्याच्या उपयोगी पडावे, असा प्रयत्न मात्र झालेला नाही.

तो प्रयत्न म्हणजे दोन वेळा हात लावून पाहणे, याहून अधिक काही नाही. दिवस मावळताना कोंबड्या खुराड्यात शिरण्यापूर्वी घाईघाईने पोटभर दाणे टिपून घेतात, कारण संपूर्ण रात्र त्यांना या साठ्यावर काढावयाची असते. त्या वेळी निरोगी कोंबडीची थैली भरीव लागते, पण दाबली तर बोटाखाली दाणे सरकतात. रात्रभरात ती रिकामी होत जाते, आणि पहाटे, दाणापाणी देण्यापूर्वी, त्याच जागी हात लावला तर तेथे काही आहे असेही वाटू नये इतकी ती सपाट झालेली असते. सायंकाळची भरलेली थैली ही शुभ गोष्ट आहे. पहाटेची भरलेली थैली ही धोक्याची सूचना आहे. हा भेद ज्याला कळला त्याला अर्धे पशुवैद्यक कळले, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही. कोंबडी अंधारात शांत असते, म्हणून उजाडण्यापूर्वी खुराड्यात हात घालून एकेक पक्षी काखेत घ्यावा, त्याच्या छातीवरून बोटे फिरवावीत, आणि ती थैलीवर थांबताच जाणीव कशी होते ते पाहावे: भिजविलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा घट्ट लगदा लागला तर थैली तुंबलेली आहे, पाण्याने भरलेली मऊ पिशवी हलल्याचा भास झाला व चोचीपाशी नाक नेताच आंबूस दुर्गंधी आली तर ती आंबलेली आहे. त्याच वेळी छातीच्या मधल्या हाडावरूनही बोट फिरवावे. ते धारदार लागले तर पक्षी बऱ्याच दिवसांपासून झिजत आहे असे समजावे, कारण पिसांच्या दाट आवरणाखाली कोंबडीचा कृशपणा डोळ्यांना दिसत नाही, तो हातालाच कळतो.

थैली तुंबते ती बहुधा आपल्याच परसात आपण पसरलेल्या वस्तूंनी. पूर्वीच्या उकिरड्यावर शेण, राख, पालापाचोळा आणि फार तर भाजीची देठे असत. आजच्या उकिरड्यावर पोत्याची सुतळी, नायलॉनचा दोरा, प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, नारळाचा काथ्या आणि केसांचे गुंतवळ असे सर्व काही एकत्र नांदते, आणि किड्यासाठी माती उकरणारी कोंबडी त्यातील एखादा धागा चोचीत धरून ओढते व गिळून टाकते. एक धागा दुसऱ्याला गुंतवून घेतो, त्यांच्याभोवती गवताच्या लांब काड्या अडकतात, आणि थैलीच्या खालच्या तोंडापाशी असा बोळा तयार होतो की त्याच्या पुढे दाणाही जात नाही व पाणीही धड उतरत नाही. पावसाळ्याच्या आरंभी कोंडून ठेवलेल्या कोंबड्यांपुढे प्रेमाने टाकलेले लांब, चिवट गवत हे याचे दुसरे कारण होय. मोकळी फिरणारी कोंबडी मुळाने धरून ठेवलेल्या गवताचे शेंडे तोडून खाते, पण कापून टाकलेली काडी तिला आखडता येत नाही, ती अख्खी गिळली जाते. म्हणून गवत द्यावयाचे तर बोटाच्या पेराएवढे बारीक चिरून द्यावे. खळ्याच्या दिवसांत उपाशी कोंबडी एकाएकी धान्याच्या राशीवर सुटली म्हणजे कोरडे दाणे बेसुमार टिपते, वर पाणी पिते, दाणे फुगतात आणि थैलीचे स्नायू त्या भाराखाली निकामी होतात. दिवसचे दिवस अंड्यांवर बसून राहिलेली खुडूक कोंबडी उठल्याबरोबर जो अधाशीपणा करते त्यातही हेच भय असते. पिलांच्या बाबतीत तर तांदळाचे तूस किंवा लाकडाचा भुसा हाच घात करतो, कारण पहिल्या काही दिवसांत त्यांना अन्न कोणते आणि अंथरूण कोणते हे उमगत नाही. अनुभवी कुक्कुटपालक त्या दिवसांत तुसावर वर्तमानपत्राचा कागद अंथरतात, ते याचसाठी.

आणखी एक कारण आहे, व ते सर्वांत दुर्लक्षित आहे. मोकळ्या कोंबडीला खडे रानात मिळतात. फरशीच्या अंगणात किंवा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबडीला ते कोठून मिळणार? खडे नसले की पेषणी नीट दळत नाही, दळण खोळंबले की जठर रिकामे होत नाही, आणि तो खोळंबा मागे मागे सरकत थैलीपर्यंत येतो. शिंपल्यांचा चुरा घातला म्हणजे खड्यांची गरज भागली, असा समज सर्वत्र रूढ आहे; तो चुकीचा आहे. शिंपला हा चुन्याचा पदार्थ असून तो जठराच्या अम्लात विरघळतो, त्याचा उपयोग अंड्याच्या कवचासाठी. दळण्यासाठी मात्र न विरघळणारी जाडसर वाळू किंवा खडीचा बारीक चुरा वेगळ्या भांड्यात सदैव ठेवलेला असला पाहिजे.

थैली आंबणे हा पुष्कळदा तुंबण्याचाच उत्तरार्ध असतो. साचून राहिलेले अन्न कुजू लागले की ‘कॅन्डिडा अल्बिकन्स’ नावाची किण्ववर्गीय बुरशी, जी एरवी अल्पप्रमाणात निरुपद्रवी राहते, ती बेसुमार वाढते आणि थैलीच्या आतल्या अस्तरावर पांढुरका, जाडसर थर धरते. शिळा भात, बुरस लागलेला मका, आठ-आठ दिवस न घासलेले पाण्याचे भांडे, ही या बुरशीची माहेरघरे. आणि याच्या जोडीला, ज्याचे कौतुक दुकानदार फार करतात ते प्रतिजैविकाचे भुकटीवजा औषध. बुरशी हा जीवाणू नव्हे. प्रतिजैविकाने ती मरत नाही, उलट तिला आवर घालणारे उपकारक जीवाणू मात्र मरतात, आणि मालकाने औषध म्हणून दिलेली पुडी रोगाचे खत होऊन बसते. अन्न देणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरास केंद्र सरकारने २०१९ साली मनाई केली, ती मनुष्याच्या औषधांचे सामर्थ्य शाबूत राहावे या हेतूने. परंतु तालुक्याच्या दुकानात कोणतीही पुडी कोणालाही मिळण्याचा शिरस्ता जोवर चालू आहे, तोवर परसातील दहा कोंबड्यांच्या अंड्यांतून कोणत्या औषधाचा किती अंश आपल्या मुलांच्या ताटात उतरतो याची रुजुवात कोण करणार?

तिसरा प्रकार लोंबत्या थैलीचा. स्नायू एकदा ताणून सैल पडले की ती थैली छातीखाली ओघळून राहते व कधीच पुरती रिकामी होत नाही. यावर खात्रीचा इलाज नाही. थोडथोडे मऊ खाद्य द्यावे, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कापडी पट्ट्याचा आधार द्यावा, आणि काही कुळींत हा दोष वंशपरंपरेने येतो म्हणून अशा कोंबडीची अंडी उबविण्यास ठेवू नयेत.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. भरलेली थैली हा प्रत्येक वेळी थैलीचाच रोग नसतो. एकाच वेळी अनेक कोंबड्या माना टाकू लागल्या, हिरवट हगवण सुरू झाली, धाप लागली, मान पिळवटू लागली, तर थैली चोळीत बसण्यात वेळ न दवडता तो मानमोडीचा म्हणजे राणीखेतचा संशय धरून ताबडतोब वर्दी द्यावी. कुमाऊँच्या डोंगरातील ज्या गावात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हा रोग आपल्या देशात नोंदला गेला त्याचेच नाव त्याला चिकटले, आणि जवळच्याच मुक्तेश्वर येथील संशोधन संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी लस आजही आपल्या कोंबड्यांचे रक्षण करीत आहे. एखादी तरणी तलंग लंगडू लागली, एक पाय पुढे व एक मागे टाकून पडली आणि तिची थैलीही निश्चेष्ट झाली, तर तो बुडापेस्टच्या योझेफ मारेक या पशुवैद्यकाने १९०७ साली प्रथम वर्णिलेला रोग असू शकतो. त्यात विषाणू मज्जातंतूंना ग्रासतो आणि थैलीला चालना देणारी नाडीच लुळी पडते. जंत, रक्ती हगवण, अडकलेले अंडे, गिळलेल्या शिशाचे विष, या सर्वांचा परिणाम म्हणूनही थैली मंदावते. म्हणून एकट्या थैलीकडे न पाहता संपूर्ण पक्ष्याकडे पाहणारा जाणकार हवा, आणि तो जाणकार गावात नाही म्हणूनच अघोरी उपायांचे फावते.

त्या उपायांपैकी सर्वांत प्रचलित म्हणजे कोंबडीला पाय धरून उलटी टांगणे व थैली दाबून आतील द्रव चोचीतून बाहेर काढणे. याविरुद्ध मी जितक्या कठोर शब्दांत लिहीन तितके थोडेच आहे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी उघडे असते आणि त्यावर मनुष्याप्रमाणे झाकण नसते. वर उसळलेला आंबट द्रव क्षणार्धात त्या छिद्रात शिरतो, आणि कोंबडी जागच्या जागी गुदमरते किंवा दोन दिवसांनी फुप्फुसाच्या दाहाने मरते. पशुवैद्यक थैली रिकामी करतो ती योग्य जाडीच्या नळीने, श्वासमार्गाचे भान ठेवून. ती कृती पाहून घरी अनुकरण करण्याजोगी नाही. मोरचुदाचे पाणी पाजण्याची जुनी चाल आहे. मात्रा किंचित चुकली तरी ते विषच होय. आणि न्हाव्याच्या पात्याने थैली चिरून सुईदोऱ्याने शिवण्याच्या पराक्रमाला तर मी क्रौर्यच म्हणेन, त्यामागील हेतू कितीही दयेचा असो.

मग घरी करावे तरी काय? तुंबलेल्या थैलीची कोंबडी प्रथम वेगळी काढावी, डालग्याखाली किंवा पिंजऱ्यात, जेथे तूस, गवत, काडी काहीही तिला टिपावयास मिळणार नाही अशा जागी ठेवावी, एक दिवसपर्यंत दाणा बंद करावा, परंतु स्वच्छ पाणी मुळीच बंद करू नये. औषध घालावयाच्या पिचकारीने गोडेतेलाचे थोडे थेंब चोचीच्या कडेने सोडावेत, कोंबडी स्वतः गिळेल तेवढेच, ओतू नये. आणि मग तिला उभी, सरळ धरून बोटांच्या अग्रांनी तो गोळा हलक्या हाताने फोडीत चोळावे, दिवसातून तीन-चार वेळा, दरवेळी काही मिनिटे. गोळा सैल होऊ लागला तर भिजविलेले बारीक खाद्य किंवा कुस्करलेले उकडलेले अंडे अगदी अल्प प्रमाणात सुरू करावे, आणि पुढची प्रत्येक पहाट थैली तपासून मगच दाण्याचे प्रमाण वाढवावे. आंबलेल्या थैलीला मात्र तेलही नको व जोराचे चोळणेही नको. तीत बुरशीवर चालणारे निस्टॅटिनसारखे औषध पशुवैद्यकाने ठरविलेल्या मात्रेत द्यावे लागते. दोन दिवसांत उतार पडला नाही तर घरगुती उपायांचा मोह सोडून दवाखाना गाठावा. तेथे भूल देऊन थैलीवर लहानसा छेद घेतात, आतील बोळा काढून ती धुतात, आणि थैलीची भिंत व वरची कातडी यांना वेगवेगळे टाके घालतात. पक्षी अतिशय क्षीण झालेला नसेल तर ही जखम चांगली भरून येते आणि कोंबडी पुन्हा अंड्यावर येते.

या ठिकाणी तो नेहमीचा आक्षेप पुढे येतो, की दोन-चारशे रुपयांच्या कोंबडीसाठी एवढा खटाटोप कशाला, सुरी आहेच. हा आक्षेप घेणारे बहुधा अंडी विकत घेणारे असतात, विकणारे नसतात. परसातील कोंबड्या हे आपल्याकडे घरातील बाईचे स्वतंत्र उत्पन्न आहे. तिच्या पाच-दहा कोंबड्यांतील एक नीट अंडी देणारी, खुडूक बसून पिले काढणारी, घारीपासून पिले राखणारी कोंबडी गेली म्हणजे केवळ बाजारभावाएवढे नुकसान होत नाही, तिच्या पुढील सबंध वर्षाची मिळकत जाते. २०१९ च्या पशुगणनेत देशातील ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्ष्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातील होते आणि त्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून अधिक वाढली होती. एवढ्या मोठ्या संपत्तीची मालकी ज्यांच्याकडे आहे त्यांना ‘सुरी आहेच’ हे उत्तर देणे हा सल्ला नव्हे, तो अव्हेर आहे. वाचण्याची आशा उरलेली नाही अशा कोंबडीला तडफडत न ठेवता वेदनारहित रीतीने मारावे, हे मला मान्य आहे. पण औषधे पाजून दमलेली, हाडे उरलेली कोंबडी आठवडे बाजारात निरोगी म्हणून विकणे हे गिऱ्हाइकाशीही बेइमानीचे आहे. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राणी या संज्ञेत मनुष्याव्यतिरिक्त प्रत्येक सजीवाचा समावेश केला आहे. त्यात किमतीची अट नाही.

पशुसंवर्धन खाते सुधारित जातींच्या पक्ष्यांचे अनुदानावर वाटप करते, ही स्तुत्य गोष्ट आहे. ८ ते १० आठवड्यांच्या २५ तलंगा व ३ नर यांचा गट लाभार्थ्याच्या पदरात पडतो, अर्जाची, दाखल्यांची, सातबाऱ्याची, छायाचित्रांची सर्व दप्तरी पूर्तता काटेकोरपणे होते. वाटपाच्या त्या दिवशी पशुधन पर्यवेक्षकाने एक तलंग हातात घेऊन, जमलेल्या प्रत्येक बाईचे बोट तिच्या थैलीवर टेकवून, भरलेली आणि रिकामी यांतील फरक दाखवावा, यासाठी कोणत्याही नव्या तरतुदीची गरज नाही. अर्ध्या तासाचे काम आहे. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले, म्हणजे या विद्येची परंपरा आपल्या प्रांतात काल-परवाची नव्हे. तेथून व राज्यातील इतर महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांना पक्ष्याच्या थैलीची शस्त्रक्रिया येत नाही असे नाही, पण तालुक्याच्या दवाखान्यात एकटी कोंबडी काखेत घेऊन आलेल्या म्हातारीला ‘आजी, हिची भाजी करा’ असे सांगून वाटेला लावण्याची जी प्रवृत्ती आढळते ती वरिष्ठांच्या लेखी हुकमाविना जाणार नाही. म्हणून माझी मागणी अशी आहे की प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोंदवहीत गाय, म्हैस, शेळी यांच्याबरोबर एकेकट्या कोंबडीचीही केस लिहिली जावी, थैली धुण्याची नळी व बुरशीवरील औषध तेथे शिल्लक असावे, आणि अशा किती कोंबड्या आल्या, त्यांपैकी किती बऱ्या झाल्या व कशामुळे थैली तुंबली होती, हे आकडे वर्षअखेर जिल्हा कार्यालयाकडे जावेत. धागा, प्लास्टिक, गवत की खड्यांचा अभाव, यांपैकी कोणत्या कारणाने कोणत्या तालुक्यात अधिक पक्षी मरतात हे त्या आकड्यांवरून दिसेल, आणि पुढच्या वर्षीच्या वाटपात तलंगांबरोबर खडीच्या चुऱ्याची पिशवी द्यावी की उकिरड्याभोवती कुंपण घालण्यास सांगावे, याचा निर्णय अंदाजावर घ्यावा लागणार नाही.